सांगलीतील घरासाठी साधा फोन, कॉर्डलेस की फॅक्स?

विश्रामबागेतील आमच्या घरात तांब्याच्या तारेऐवजी फायबरची जोडणी घ्यायची ठरले, तेव्हा जुने फोनही बदलावेत असा विषय निघाला. मार्केट यार्डातील हळदीच्या अडतीचे कागद घरी बसून पाहणाऱ्या थोरल्या बंधूंनी त्यातच फॅक्सचा आग्रह धरला. एक कॉर्डलेस फोन घरात आधीपासून होता. तो भाच्याने अमेरिकेहून येताना प्रेमाने आणलेला. अशा वेळी किंमत आणि सोय यांवर भरपूर बोलणे होते, पण हे उपकरण आपल्या लाइनला जोडणे नियमात बसते का, हे सहसा कोणी विचारत नाही. पुढील तुलना त्याच प्रश्नापासून सुरू केली आहे, कारण त्या कसोटीवर एक पर्याय पहिल्याच फेरीत बाद होतो.

दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी व प्रमाणन ही व्यवस्था केंद्र सरकारने २०१७ साली भारतीय तार नियमांत दुरुस्ती करून आणली. दोन तारांचा टेलिफोन, कॉर्डलेस फोन, मोडेम आणि जी-३ फॅक्स (टेलिफोन लाइनवर चालणारे नेहमीचे फॅक्स यंत्र) या वस्तू तिच्या पहिल्याच टप्प्यात होत्या आणि त्यांच्यासाठी ती १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. प्रमाणपत्र दूरसंचार विभागाचे टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर, म्हणजे टीईसी, देते. त्यासाठी विद्युत सुरक्षितता, इतर उपकरणांना होणारा व्यत्यय आणि लाइनशी जुळणी यांची तपासणी होते. ते मिळवण्याची जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराची आहे, त्यामुळे ग्राहकाला कोठेही खेटे घालावे लागत नाहीत. त्याने फक्त खूण पाहून घ्यायची. याखेरीज प्रिंटर, आन्सरिंग मशीन आणि पॉवर ॲडॉप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, आणि रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्याच वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ ही मंजुरी लागते.

साध्या तारेच्या फोनाला यांपैकी एकच दार ओलांडायचे असते, ते टीईसीचे. त्याला ॲडॉप्टर नाही आणि लहरींचा प्रश्नही नाही. तांब्याच्या लाइनवर त्याला एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो, म्हणून घरातील वीज गेली तरी तो चालतो. महापुराच्या दिवसांत ज्यांच्या गल्लीत वीज नव्हती, त्यांना या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फायबरवर मात्र हा फायदा उरत नाही. फायबरची तार ज्यात येते त्या भिंतीवरील ओएनटी पेटीला वीज लागते, आणि तिला बॅटरीचा आधार दिला नाही तर फोनही मुका होतो.

कॉर्डलेस फोन घ्यायचा असेल, तर भारतात अधिकृतपणे विकला जाणारा आणि परदेशातून आणलेला यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. येथे विकल्या जाणाऱ्या अनेक कॉर्डलेस फोनांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, जो कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. वाय-फायही त्याच पट्ट्यात असल्याने राउटरशेजारी बेस ठेवल्यास खरखर येते, पण ती अडचण आपल्या घरापुरती राहते.

अमेरिकेतील ‘डेक्ट ६.०’ प्रकारचा कॉर्डलेस फोन, म्हणजे भाच्याने आणला तसा, १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. तेथे ती जागा घरगुती कॉर्डलेससाठी राखलेली आहे. आपल्याकडे १९२० ते १९८० मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल हँडसेटकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी कंपन्यांना दिलेला आहे. टॉवर ज्या पट्ट्यात दूरवरच्या हँडसेटचा क्षीण आवाज ऐकत असतो, तेथेच आपला बेस अखंड बोलत राहतो. परिणामी आपला फोन उत्तम चालतो आणि तक्रार शेजाऱ्यांच्या मोबाइलची येते. अशा फोनच्या तळाशी एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे तो ‘मान्यताप्राप्त’ वाटतो. पण ती मान्यता अमेरिकेपुरती आहे. तिला, किंवा युरोपच्या ‘सीई’ खुणेला, येथे टीईसी प्रमाणपत्राची जागा घेता येत नाही. शिवाय त्याचा ॲडॉप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर तो जळतो. पुष्कळ जण दुसरा ॲडॉप्टर आणून ही अडचण दूर करतात. माझ्या मते तो जळणे हाच त्यातला बरा भाग होता.

फॅक्सबाबत निवड स्वतंत्र यंत्र आणि फॅक्सची सोय असलेला प्रिंटर यांत करायची असते. स्वतंत्र यंत्राला टीईसी प्रमाणपत्र हवे. बहुउद्देशीय यंत्रावर प्रिंटर म्हणून मानक ब्युरोची नोंदणी हवी आणि लाइनला जोडण्याच्या भागासाठी टीईसीची विचारणा विक्रेत्याकडे जरूर करावी. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारी थर्मल कागदाची यंत्रे बहुतेक २०१९ पूर्वीची असल्याने त्यांवर ही खूण सापडणार नाही, आणि त्या कागदावरील अक्षरे काही वर्षांत उडतात, हे हिशेबाच्या कागदांसाठी गैरसोयीचेच. प्रमाणपत्र असूनही फायबरवर फॅक्स अडखळू शकतो, कारण जी-३ फॅक्सचे सूर सलग लाइनसाठी बांधलेले आहेत आणि इंटरनेटवर माहितीची पाकिटे मागेपुढे झाली की पान अर्धवट येते. सेवादात्याच्या जाळ्यात टी.३८ ची, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याच्या पद्धतीची, सोय आहे का, हे जोडणीपूर्वी विचारावे. नसल्यास यंत्राचा वेग सेकंदाला ९६०० बिटांवर उतरवून पाहावा.

दुकानात उभे असताना उपकरणावर टीईसीची खूण व प्रमाणपत्र क्रमांक, ॲडॉप्टरवर मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक आणि खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत व उत्पादक देश पाहावा. ‘आर’ क्रमांक मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तेथल्या तेथे पडताळता येतो. ‘साहेब, सगळे असेच विकतात’ असे उत्तर मिळाले, तर बिल न देणारे दुकान बहुधा तेच असते.

आमच्यापुरते बोलायचे, तर दिवाणखान्यात साधा फोन घेतला आणि ओएनटीला छोटा यूपीएस लावला. बंधूंना महिन्याला जेमतेम दोन-तीन फॅक्स येत असल्याने प्रिंटरमधील फॅक्सच पुरेसा ठरला. भाच्याचा फोन मात्र कोणाला देऊन टाकणे योग्य नव्हते, कारण त्यामुळे उपद्रव फक्त दुसऱ्या गल्लीत गेला असता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कॉर्डलेस फोन आणि फॅक्स दोन्ही येतात, म्हणून तो भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणाऱ्या खोक्यात ठेवला आहे.