गिरणीच्या आवारातली ‘कामगार थाळी’

लोअर परळमधील एका बंद कापड गिरणीच्या आवारात, जुनी चिमणी तशीच ठेवून उभारलेल्या उपाहारगृहात गेल्या रविवारी आम्ही दोघे जेवलो. ‘कामगार थाळी’ हा तेथील खास पदार्थ असून तिची किंमत 780 रुपये आहे. बांगड्याचे तिखले झणझणीत होते आणि तिरफळाचा वास त्यात नेमका उतरला होता. तांदळाची भाकरी मात्र आधीच करून ठेवलेली, कडेला वातड झालेली निघाली.

सजावटीचेही पैसे आपणच देतो, म्हणून तिच्याविषयी लिहितो. भिंतीवर साच्यांची, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांची, छायाचित्रे आहेत आणि बिल मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्याच्या पोकळीत, जेथे सुताची कांडी बसते तेथे, खोचून आणतात. माझे वडील साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात जे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांपैकी ते एक. दिल्लीत उदारीकरणाचा अर्थसंकल्प मांडला गेला त्याच 1991 साली मुंबईत विकास नियंत्रण नियमावलीचा नियम 58 आला आणि गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात साधारण तीन वाट्यांत विभागली जाईल असे ठरले. परंतु 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा वाटा आक्रसला. त्या जागी बँकांच्या, जाहिरात संस्थांच्या कचेऱ्या आल्या, आणि तेथील पगारांवरच हे उपाहारगृह चालते, हेही खरे.

सेवा तत्पर आहे. आम्हाला वाढणारा मुलगा दूरच्या नालासोपाऱ्याहून येतो आणि कंत्राटदाराकडे कामाला आहे. गिरणीतही कायम नसलेले बदली कामगार होतेच, तेव्हा जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. पण पाळी सुटली की वडील दहा मिनिटांत चालत चाळीत पोहोचत.

बिलात 10 टक्के सेवाशुल्क आपोआप लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे करता येत नाही, हे सांगताच व्यवस्थापकांनी ते निमूट वजा केले. तेवढीच रक्कम आम्ही त्या मुलाच्या हातावर ठेवली. दुपारी दीडनंतर गेल्यास बराच वेळ ताटकळावे लागते. तिखले सुटेही मिळते, 420 रुपयांना. सोबत भाकरीऐवजी भात मागवावा.