बेल्ट जुने निघाले, खापर फुटलं आमच्या पावसावर

ज्यांच्याकडे वाईड बेल्ट सँडर (फिरत्या सँडपेपरच्या रुंद पट्ट्याने, म्हणजे बेल्टने, लाकूड घासणारं मशीन) आहे आणि जे पावसाळ्याआधी बेल्टचा साठा करतात, त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पैसे गेले ते गेलेच. पण दोन महिने मी चुकीच्या माणसाला दोष देत राहिलो, ते जास्त लागलं.

कुडाळच्या एमआयडीसीत आमचं दारं आणि किचनची शटर बनवायचं लहान युनिट आहे. सँडर १३०० मिलीमीटरचा, म्हणजे आठ बाय चारचा प्लाय सरळ आत जातो. त्याला १३२० मिलीमीटर रुंद आणि १९०० मिलीमीटर घेराचा बेल्ट लागतो. जून लागला की मुंबईहून माल यायला उशीर होतो, म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांचे बेल्ट भरून ठेवायची आमची पद्धत. गेल्या मे महिन्यात एक विक्रेता स्वतः युनिटवर आला. बोलायला गोड, हातात नावाजलेल्या कंपनीचा कॅटलॉग. जो बेल्ट मी १,४५० ला घेत होतो तो ९५० ला देतो म्हणाला. "शेठ, कंपनीचा स्टॉक क्लिअर करायचाय, माल एकदम ताजा आहे." मी ८०, १२० आणि १८० नंबरचे (दाणा किती बारीक त्याचा नंबर, म्हणजे ग्रिट) मिळून ३० बेल्ट घेतले. २८,५०० रुपये पूर्ण दिले. बिलही मिळालं, त्यावर फक्त एक ओळ: सँडिंग बेल्ट, ३० नग. कंपनीचं नाव नाही, ग्रिट नाही, माप नाही, बॅच नंबर नाही. त्या ओळीकडे मी तेव्हा नीट पाहिलंसुद्धा नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला खोका फोडला. १२० नंबरचा बेल्ट चढवला आणि शटरवर आडव्या बारीक रेघा उमटायला लागल्या. हाताला लागत नव्हत्या, पण सीलर (पॉलिशआधीचा थर) मारल्यावर उजेडात एकेक रेघ मोजता येत होती. दुसरा बेल्ट दहा-बारा मिनिटांत जॉईंटवर, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं चिकटवलेली असतात तिथे, उकलला. तिसरा रोलरवर एका बाजूला पळत राहिला आणि त्याची कड फाटली. चौदा शटर परत घासायला लागली, त्यातल्या तीन शटरांचं व्हिनियर (वरचा लाकडाचा पातळ थर) कडेला घासून पार निघालं.

फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं. "शेठ, कोकणातला पाऊस आहे. तुम्ही दमट जागेत ठेवले असणार. त्याला कंपनी काय करणार?"

आणि मला ते पटलं, कारण आमची ठेवण्याची पद्धत खरंच चुकीची होती. खोके थेट सिमेंटच्या जमिनीवर, तेही पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून. उघडलेला बेल्ट खिळ्याला अडकवलेला. खिळ्यावर सगळा भार एकाच जागी येतो, तिथे घडी पडते आणि दाणा तडकतो. स्टोअर सांभाळणाऱ्या मुलाला मी सगळ्यांसमोर बोललो. तो बिचारा गप्प उभा राहिला.

मग हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आणलं. स्टोअरमध्ये ८८ टक्के. बेल्टसाठी साधारण ४० ते ६५ टक्के ओलावा आणि वीसच्या आसपास तापमान बरं. कागदाचा पाठीमागचा थर हवेतलं पाणी ओढून फुगतो, दाण्याकडचा रेझिनचा थर तेवढा फुगत नाही, म्हणून कडा वळतात. आम्ही डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) घेतला, खोके लाकडी फळ्यांवर आतल्या भिंतीकडे आणले, चार इंची पीव्हीसी पाईपचे आडवे दांडे बसवले. लागणारा बेल्ट आदल्या दिवशीच दांड्यावर टांगायचा, म्हणजे चोवीस तासांत तो सैल होऊन सरळ पडतो. ओलावा साठाच्या खाली आला. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहायला त्या मुलालाच बसवलं.

रेघा मात्र तशाच उमटत राहिल्या.

एका रात्री मी पट्टी घेऊन त्या रेघांमधलं अंतर मोजलं. प्रत्येक ठिकाणी साडेदहा मिलीमीटर. आमच्या मशीनवर बेल्टचा वेग सेकंदाला १८ मीटर आहे. १९०० मिलीमीटरचा बेल्ट सेकंदाला साधारण साडेनऊ फेऱ्या मारतो. शटर मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलीमीटर पुढे सरकतं. शंभराला साडेनवाने भागलं की साडेदहाच येतात. म्हणजे दर फेरीला एकदा, एकाच जागी, काहीतरी जाडसर लाकडाला धडकत होतं. तो जॉईंट होता. दमट हवेने बेल्ट वळतो, वाकडा चालतो, पण त्याचा त्रास सगळ्या अंगभर होतो. असा मोजून मापून एकाच ठिकाणी होत नाही. हे गणित मी जूनमध्येच करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलानेच कोपऱ्यातून आदल्या वर्षीचा एक उरलेला बेल्ट काढून दिला. जुन्या दुकानदाराचा, त्याच स्टोअरमध्ये अख्खा पावसाळा काढलेला. कडा थोड्या वळल्या होत्या. दिवसभर दांड्यावर टांगला, चढवला, आणि एकही रेघ नाही.

मग न फोडलेले खोके खाली काढले. एकावरचं लेबल ओलाव्यामुळे कोपऱ्यात सुटलं होतं. हलक्या हाताने ओढलं तर खाली दुसरं लेबल: माप १३२० बाय २६२०, तारीख चार वर्षांपूर्वीची. २६२० चे पडून राहिलेले बेल्ट कापून १९०० चे केले होते आणि हाताने नवा जॉईंट मारला होता. नीट पाहिल्यावर सगळंच दिसायला लागलं. जॉईंटवरची टेप एका बाजूला जाड, गोंद कडेबाहेर आलेला, आणि पाठीवर छापलेली कंपनीची अक्षरं जॉईंटपाशी अर्ध्यात तुटलेली. त्याच कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला पाठीवरच्या बॅच नंबरचा फोटो पाठवला. तोही म्हणाला, हा माल चार वर्षांपूर्वीचा. तोवर आमच्या त्या विक्रेत्याचा फोन लागेनासा झाला होता.

वकिलांकडे गेलो. त्यांनी आधी बिल मागितलं आणि मान हलवली. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात नेणं अवघड, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला तेवढी सवलत आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, असं आहे. "पण तुमच्या बिलावर वर्णन कुठंय?" वर, ठेवण्यात हयगय केली असं समोरचा म्हणाला तर मे ते जुलैची नोंद आमच्याकडे काहीच नव्हती. वही सुरू झाली ती नंतर.

आता बिलावर कंपनी, ग्रिट, माप आणि बॅच लिहिल्याशिवाय पैसे देत नाही. खोका आला की त्याच दिवशी, विक्रेत्याच्या माणसासमोर, एक बेल्ट उघडतो. जॉईंट बोटाने चाचपायचा, उजेडासमोर धरायचा, पाठीवरचा छाप जॉईंटपाशी कसा आहे ते पाहायचं, लेबलाचा फोटो काढायचा. वहीत तारखेपुढे त्या दिवशीचा ओलावा.

त्या मुलाची मी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोरच, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. "काका, मला वाटलं खरंच माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला. माल उतरवताना आता मोजायची टेप घेऊन तोच पुढे असतो, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय टेम्पो सुटत नाही.