यूआर५ई कोबॉट: दोन-तीन लेथच्या गाळ्यासाठी कसा आहे?

वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यात जागेची मारामार असते, म्हणून आधी तेच सांगतो: युनिव्हर्सल रोबॉट्सचा यूआर५ई हा कोबॉट, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा रोबॉटचा हात, तिथे आरामात मावतो. लेथमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) घालायचं-काढायचं काम त्याला द्यायचं. वजन साधारण २१ किलो, पोच ८५० मिमी, कंट्रोलरला सिंगल फेज पुरते. बटण दाबून हात हवा तिथे ओढायचा आणि पॉइंट सेव्ह करायचा. चांगला सेटर (मशिनचं सेटिंग करणारा कारागीर) हे पटकन उचलतो.

‘पेलोड ५ किलो’, म्हणजे हात उचलू शकतो ते वजन, मात्र नीट वाचा. त्यात जॉब पकडणारा ग्रिपरही आला. डबल ग्रिपर दीड किलोचा धरला तर उरतात साडेतीन. अदलाबदलीच्या क्षणी तयार आणि कच्चा असे दोन्ही जॉब हातात असतात, म्हणजे एक जॉब पावणेदोन किलोच्या आतच हवा. ग्रिपर लांब असेल तर आणखी कमी.

खरी परीक्षा चकपाशी, म्हणजे लेथचा जॉब पकडणारा भाग असतो तिथे. चकच्या जॉच्या (जबड्याच्या) मागे धातूची एक चिप (कीस) अडकली की जॉब तिरका बसतो आणि अख्खी बॅच रिजेक्ट होऊ शकते. इथे हा कोबॉट मला फार आवडतो, कारण मनगटातच फोर्स सेन्सर आहे. जॉब काढल्यावर एअर ब्लो (हवेचा झोत), मग नवा जॉब हलक्या जोराने स्टॉपरला टेकवायचा आणि हात कुठे थांबला ते प्रोग्रॅममध्येच तपासायचं. अर्धा मिमी अलीकडे थांबला तर मध्ये चिप आहे: पुन्हा ब्लो, तरी तसंच तर अलार्म. चक आवळल्याचा सिग्नल प्रेशर स्विचकडून आल्यावरच ग्रिपर सोडायचा. टायमरवर सोडू नका. सकाळी हायड्रॉलिक तेल थंड असतं, चक उशिरा आवळतो आणि जॉब खाली पडतो.

हात आयपी५४ आहे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसेल, पण कूलंटच्या (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) फवाऱ्यासाठी नाही, जॅकेट घ्या. ऑटो दार, ग्रिपर, लेथशी सिग्नलची जोडणी, जमिनीत अँकर केलेला स्टँड, हे सगळं कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींत मागा. चाकांचा स्टँड सरकला की शिकवलेले सगळे पॉइंट चुकतात. कोबॉट म्हणजे कुंपण नकोच, असंही नाही. धारदार कडेचा जॉब फिरत असेल तर रिस्क असेसमेंट करूनच ठरवा.

सायकल (एका जॉबला लागणारा वेळ) दोन मिनिटांच्या वर आणि बॅच काही शेकड्यांची असेल तर जरूर घ्या. वीस-पंचवीस नगांसाठी दिवसातून चारदा सेटिंग बदलत असाल तर आत्ता नको.

ठाण्याच्या पावसाळ्यात एअर लाइनमध्ये पाणी येतं आणि ग्रिपर मंदावतो. ड्रायर बसवा, फिल्टर रोज सकाळी ड्रेन करा.