गावाकडच्या आईवडिलांसाठी फोनवरचा डॉक्टर: ई-संजीवनी, खासगी ॲप की आपले तालुक्याचे डॉक्टर?

आईवडील गावी, दोघांनाही बीपी, एकाला शुगर. आपण पुण्यात, मुंबईत किंवा त्याहून लांब. दर महिन्याला त्यांना तालुक्याला नेऊन आणणारं घरात कुणी नाही. अशा वेळी फोनवरून डॉक्टरांना दाखवायचं हे आपण ठरवतो, पण दाखवायचं कुणाला, तिथं अडतो. सरकारी ई-संजीवनी, एखादं खासगी ॲप, की इतकी वर्षं बघत आलेले आपलेच डॉक्टर?

हा सगळा विचार बीपी, शुगर, थायरॉईड अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यांपुरता आहे. छातीत दुखणं, श्वास लागणं, हातापायातली ताकद अचानक जाणं, बोलताना जीभ जड होणं, यांत तिन्हींपैकी काहीच धरू नका. थेट 108 ला फोन करा.

माझं मत आधीच सांगते. ॲप किती छान दिसतं, पहिला सल्ला फुकट आहे का, हे बघू नका. पुढच्या खेपेला तेच डॉक्टर भेटणार आहेत का, आणि बोलणं चालू असताना पेशंटजवळ बीपी मोजून आकडा नीट सांगणारं कुणी आहे का, हे बघा. सासूसासऱ्यांचं गेली काही वर्षं असंच चाललंय, आणि जिथं घोटाळा झाला तिथं या दोन्हींतलं एक नव्हतं.

नियम काय सांगतो

दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम 25 मार्च 2020 रोजी जाहीर झाले. ते वाचल्यावर निवड बरीच सोपी होते. व्हिडिओ, साधा फोन आणि लेखी मेसेज, तिन्ही मार्गांनी सल्ला देता येतो, पण तो नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायचा. संगणकीय बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मला स्वतःहून सल्ला द्यायला किंवा औषध लिहायला मनाई आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.

आपल्याला सर्वांत उपयोगी मुद्दा सहा महिन्यांचा आहे. ज्या डॉक्टरांनी त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलंय, त्यांच्याशी फोनवर बोलणं म्हणजे फॉलोअप, आणि फॉलोअपमध्ये डॉक्टरांना चालू औषधांत भर घालण्याची मोकळीक जास्त आहे. पहिल्यांदाच भेटणाऱ्या डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. व्हिडिओवर ते चालू असलेल्या नेहमीच्या गोळ्या पुन्हा लिहून देऊ शकतात, पण त्यापुढे फार जाता येत नाही. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या तर फोनवरून लिहून मिळतच नाहीत. त्यामुळे वर्षातून निदान दोनदा प्रत्यक्ष भेट धरूनच चाला.

ई-संजीवनी: घरून की उपकेंद्रातून?

ही सेवा मोफत आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती बनवली, आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरात तिच्यावर 10 कोटींहून जास्त सल्ले झाले होते. मात्र तिच्यात दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली घरून. मोबाइल नंबर टाका, ओटीपी द्या, टोकन घ्या, नंबर आला की डॉक्टर समोर. शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन मिळतं. सर्दी-खोकला, अंगावर उठलेलं पुरळ, रिपोर्ट दाखवून शंका विचारणं, यासाठी उत्तम. पण दर वेळी तेच डॉक्टर मिळतील याचा भरवसा नाही, त्यामुळे बीपीची सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. सत्तरीतल्या माणसाला ओटीपी आणि रांग जमवणं कठीण. रेंज गेली की सगळंच राहिलं.

दुसरी वाट उपकेंद्रातून, आणि मला ती फार मोलाची वाटते. गावच्या उपकेंद्रावर, आता जिथं आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असते, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. सगळे त्यांना सीएचओ म्हणतात. ते बीपी-शुगर मोजतात, पेशंटला शेजारी बसवून व्हिडिओवर मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी जोडून देतात, आणि साठ्यात असलेल्या गोळ्या तिथंच मोफत देतात. म्हाताऱ्या माणसाला स्मार्टफोन हाताळावा लागत नाही. कानाला कमी ऐकू येत असेल तर सीएचओ मोठ्यानं सांगतात. डॉक्टर बदलले तरी समोरचं माणूस तेच राहतं, ते आजीला नावानं ओळखतं. ॲपवाल्यांकडे हे नाही.

अडचण एकच, पण मोठी: प्रत्येक उपकेंद्र सारखं चालत नाही. कुठे पद रिकामं, कुठे साठा संपलेला, कुठे सीएचओ दुपारी फिरतीवर. हे पुण्यात बसून कळणार नाही. आशाताईंना फोन करा आणि विचारा की कुठल्या वारी गेलं तर काम होतं, आणि आपल्या घरच्यांच्या गोळ्या तिथं मिळतात का.

खासगी ॲप

ज्या तज्ज्ञासाठी एरवी सातारा किंवा पुणे गाठावं लागलं असतं, तो पंधरा मिनिटांत समोर येतो, हा खरा फायदा. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला आणि दुसरं मत हवं, तर पैसे देऊन ते जरूर घ्या. डॉक्टर निवडताना मराठी बोलणाराच निवडा, नाहीतर मधे तुम्हाला बसावं लागेल आणि आईला जे सांगायचंय त्यातलं अर्धं राहून जाईल.

रोजच्या बीपीसाठी मात्र मी ॲपवर अवलंबून राहणार नाही. आमच्याकडे एका ॲपवरच्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी न बघता जवळपास तेच औषध दुसऱ्या नावानं लिहिलं. मेडिकलवाल्या काकांच्या लक्षात आलं म्हणून दुहेरी गोळी टळली. वार्षिक पॅकेज घेण्याआधी नेहमीचा एकच डॉक्टर ठरवता येतो का, हे विचारा. येत नसेल तर पॅकेज घेऊ नका.

आपले तालुक्याचे डॉक्टर

बहुतेकांसाठी माझी पहिली पसंती हीच. त्यांनी पेशंटला हात लावून पाहिलेलं असतं, ते सहा महिन्यांच्या अटीत बसतात, आणि साध्या फोनवरही काम होतं. पण हे नुसत्या ओळखीवर सोडलं की विस्कटतं. रात्री अकराला पाठवलेला रिपोर्टचा धूसर फोटो शुभ सकाळच्या मेसेजखाली गाडला जातो, आणि डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही म्हणून आपणच रागावतो.

म्हणून पुढच्या भेटीत समोर बसून ठरवून घ्या. फोनवरच्या सल्ल्याची फी विचारा आणि न चुकता द्या. फुकटच्या सल्ल्याला घाईतच उत्तर मिळतं, आणि त्यात दोष डॉक्टरांचा नसतो. कुठल्या वेळी फोन करायचा ते विचारा. चिठ्ठी सहीनिशी, फोटो का होईना, पण लिहूनच मागा, तोंडी गोळी बदलू नका. आणखी एक गोष्ट सहसा कुणी करत नाही: "माझ्या वतीनं माझी मुलगी फोन करेल," हे आईवडिलांनी स्वतः डॉक्टरांना सांगावं आणि केस पेपरवर तशी नोंद करून घ्यावी. पेशंट जवळ नसताना नातेवाइकानं बोलायचं तर नियमालाही अशी आधीची संमती लागते. परदेशातून फोन करणाऱ्यांनी तर हे आधी करून ठेवावं.

आकडे आणि कागद

कुठलाही मार्ग घेतलात तरी घरात दंडाला बांधायचं डिजिटल बीपी यंत्र हवं. मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीला टेकवून, दोनदा मोजायचं आणि वहीत तारखेसकट लिहायचं. आठवडाभराच्या आकड्यांचा एक स्वच्छ फोटो डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढून ठेवायला हरकत नाही. सरकारी दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन करून केस पेपर लवकर निघतो, आणि जोडलेल्या रुग्णालयांतले रिपोर्ट संमती देऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. पण दवाखाना त्या यंत्रणेला जोडलेलाच नसेल तर तिथले कागद आपोआप आभात येत नाहीत, तेव्हा प्लास्टिकची फाइल टाकू नका.

कुणी काय घ्यावं

दोघं हिंडतेफिरते असतील आणि उपकेंद्र नीट चालत असेल, तर महिन्याचं मोजमाप आणि गोळ्या उपकेंद्रातून, औषधातला बदल मात्र तालुक्याच्या डॉक्टरांकडूनच. उपकेंद्र बंदच असतं, पण शेजारी एखादा कॉलेजातला पोरगा आहे, तर यंत्र, वही आणि डॉक्टरांचा ठरलेला फोन. एकटी राहणारी आई आणि साधा फोन असेल, तर व्हिडिओच्या मागे लागू नका. महिन्यातून एकदा आशाताई किंवा सीएचओ घरी येऊ शकतील का, हे आधी विचारा. वडील गेल्यापासून ती गप्प-गप्प असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर साध्या फोनवरूनही लागतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही सुट्टीला घरी असताना, तिच्याजवळ बसून लावा.