पिकअपच्या बॉडीचं ‘वॉटरप्रूफिंग’ करून घेताय? आधी हे वाचा

जून तोंडावर आला की बंद बॉडीच्या पिकअपवाल्यांच्या डोक्याला एकच भुंगा: आत पाणी येतंय. माझी गाडी कोल्हापूरहून आंबा घाटानं रत्नागिरीला वह्या नेते. गठ्ठा भिजला की दुकानदार भाड्यातून कापतो. आपली ही घाई ओळखूनच काही लोक दुकान थाटून बसलेत.

मी ज्याच्याकडे गेलो त्यानं ‘इम्पोर्टेड केमिकल, पाच वर्षं गॅरंटी’ म्हणत बारा हजार घेतले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा खरडून दिला. काम चालू असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला होता. तो खिडकीच्या काचांना लावतात त्या स्वस्त सिलिकॉनचा. उघड्या पत्र्याला ते उलट गंज आणतं, आणि जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. यानं जुनं न खरवडताच वरून पट्टी ओढली, काळा रंग फासला आणि टपावर दोन बादल्या ओतून दाखवल्या. थेंब आला नाही. येणार कुठून? गळतात ते सांधे, रिव्हेट आणि दाराचं रबर.

घाटात समोरून मारा लागला आणि केबिनमागच्या सांध्यातून धार सुरू झाली. परत गेलो तर साहेब म्हणतात, “दादा, हे गळत नाय, बॉडीला घाम येतोय. आतून कोटिंग मारू, आठ हजार.” घाम येतो हे खरं, पण तो सगळ्या पत्र्यावर बारीक थेंबांनी येतो. एकाच कोपऱ्यातून ओघळ आला तर ती गळतीच.

दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं पट्टीच्या टोकाखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला, तर अख्खी पट्टी सापाच्या कातीसारखी निघाली. खाली धूळ तशीच, रिव्हेटभोवती तांबेरा. त्यानं सगळं खरवडलं, थिनरनं पुसलं, सैल रिव्हेट बदलले, मग पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरला. त्याआधी गळती शोधली ती अशी: एक जण आत बॅटरी घेऊन, दार बंद. बाहेरून पाइपनं खालपासून वर, एकेक सांधा भिजवत जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून भलतीकडेच टपकतं आणि भोक सापडत नाही. तुमचा माणूस अशी टेस्ट करायला कां-कूं करत असेल तर गाडी तिथून काढा.

पहिला भाऊ आता फोन उचलत नाही. ‘धंद्याची गाडी, ग्राहक मंचात चालत नाही,’ असं त्यानं ऐकवलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत बसते; सेवेचं मात्र तिथं तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट, निघालेल्या पट्टीचे फोटो आणि ते कार्ड, तिन्ही जपून ठेवलंय.