तंबू की कॅरॅव्हान? मायनर घेऊन शोला जाताना

दर वर्षी एप्रिलच्या सुमारास आमच्या ओळखीतला कोणी ना कोणी पहिली जुनी गाडी घेतो, आणि महिन्याभरात त्याचा फोन येतो. गाडीबद्दल त्याने सगळं वाचलेलं असतं. त्याचा प्रश्न निराळा असतो : जुन्या गाड्यांच्या शोला जायचं ठरलं, तर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री झोपायचं कुठे?

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो. माझ्याकडे 1965ची मॉरिस मायनर आहे, 1098 सीसी इंजिनाची. गेले सात उन्हाळे आम्ही चार मित्र मे ते सप्टेंबर महिन्यातून दोन-तीन शनिवार-रविवार शोच्या मैदानात काढतो. एकाकडे ट्रायम्फ हेराल्ड आहे, एकाकडे एमजी मिजेट. चौथ्याकडे जुनी गाडी नाही, पण त्याच्याशिवाय आम्ही निघत नाही. हेराल्डवाला मूळचा सांगलीचा. त्याच्या काकांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती, म्हणून इथे त्याने तीच शोधून घेतली. सातांपैकी पहिले चार उन्हाळे मी तंबूत काढले, पुढचे तीन छोट्या जुन्या कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरात. त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं बोलू शकतो.

हॉटेलचा विचार मी करतच नाही. सकाळी दहा ते चार हा वेळ लोकांचा असतो. मालकांचा वेळ सुरू होतो पाचनंतर. जूनमध्ये मिडलंड्समध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. बॉनेट उघडी पडतात, कोणी कार्ब्युरेटर खोलून बसतो, कोणी शेजारच्याला इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून देतो. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्याच्या टायरवर बसून चहा पिता येतो. मायनरबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं या वेळात कळलं. तेव्हा मुक्काम मैदानातच हवा.

कॅम्परव्हॅनचाही, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या व्हॅनचाही, विचार करायला नको. ती न्यायची तर मायनर घरी राहते. व्हॅनच जुनी फोक्सवॅगन असेल तर गोष्ट वेगळी. मग तीच तुमची शोची गाडी.

आता तंबू. त्याच्यावर माझा राग नाही, आणि हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेल. तंबूच्या चार वर्षांत आम्ही जेवढे फिरलो तेवढे नंतर फिरलो नाही. मायनरच्या डिकीत तंबू, दोन स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि पोह्यांचा डबा बसतो. खुर्च्या मागच्या सीटवर. चौघं मिळून निघायचो, मोटरवे टाळून गावागावातून जायचो, कुठे चढ आहे, कुठे अरुंद पूल आहे याची फिकीर नसायची. तंबू गाडीला चिकटून लागतो, म्हणून रात्री उशाशी मायनर असते आणि पलीकडे मिजेट. मिजेटवाल्याला तर दुसरा पर्यायच नाही. त्याच्या डिकीत छोटा तंबू आणि एक पिशवी, एवढंच मावतं.

थंडी, कडक जमीन, पहाटे पावणेपाचला डोळ्यांवर येणारा उजेड, या सगळ्याची सवय होते. पाऊसही सोसतो माणूस. मला तंबू सोडायला लावला तो रविवारच्या सकाळने.

बहुतेक छोट्या शोमध्ये मुक्कामाचं मैदान वेगळं आणि गाड्या मांडायचं मैदान वेगळं असतं. रविवारी नऊपर्यंत गाडी रांगेत लागायला हवी, आणि एकदा लागली की लोक आत असेपर्यंत, म्हणजे चारपर्यंत, हलवू देत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा की तंबू सातला उतरवायचा. इथल्या उन्हाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असलं, पावसाचा थेंबही नसला, तरी सकाळी सातला तंबू दवाने ओलागच्च असतो. झटकला, पुसला, तरी घड्यांमध्ये पाणी राहतंच. तो तसाच गुंडाळून डिकीत टाकायचा, डिकी बंद करायची आणि गाडी उन्हात सात तास उभी. चार वाजता डिकी उघडली की आतून गरम वाफ तोंडावर यायची, ओल्या फडक्याच्या वासासकट. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर थेंब उभे असायचे.

तंबू उभा ठेवून संध्याकाळी उतरवता येतो, हे मान्य. आम्हीही तसं केलं, जिथे चाललं तिथे. पण चारला सगळ्या गाड्या एकदम सुटतात, दोन तास तिथेच जातात, आणि ऑगस्टच्या दुपारी तीनला एखादी सर येऊन गेली की वाळलेला तंबू पुन्हा भिजतो. प्लास्टिकच्या पोत्यात भरून पाहिला. पोतं कधी ना कधी फाटतं. मागच्या सीटवर ठेवून पाहिला. सीटखालचं फेल्ट ओलं झालं, ते आणखी वाईट.

तंबू खराब झाला असता तर नवा घेतला असता. खराब झाली गाडी. मायनरच्या डिकीत फळीखाली स्टेपनीचा कप्पा असतो. डिकीतलं पाणी झिरपत तिथे जातं आणि तिथेच राहतं. चौथ्या हिवाळ्यात मी स्टेपनी बाहेर काढली तेव्हा कप्प्याच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आले होते. एका फुग्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावला नव्हता. तो आरपार गेला आणि खाली गॅरेजच्या फरशीवर तपकिरी भुकटी पडली.

इथे आणखी एक गोष्ट नव्या मालकाने लक्षात घ्यावी. 2018पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. आपल्याला बरं वाटतं, पण गाडीखाली दरवर्षी वाकून बघणारा माणूस त्यामुळे नाहीसा होतो. तो असता तर मला हे दोन वर्षं आधी कळलं असतं. कप्पा, डिकीचा अर्धा तळ आणि स्प्रिंगच्या मागच्या शॅकलजवळचा तुकडा, एवढं कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. तीन महिने गाडी जॅकवर होती. त्यानंतर मी सक्ती नसताना तपासणी करून घेतो, आणि त्यानंतर डिकीत ओलं काहीही ठेवलेलं नाही.

कॅरॅव्हानकडे मी वळलो ते एवढ्यासाठी. आराम हे कारण नव्हतं.

माझी कॅरॅव्हान साठच्या दशकातली आहे, दोन माणसांची, रिकामी उचलली तर हलकीच. त्या काळात न्यूमार्केटच्या सॅम आल्पर यांनी स्प्राइट कॅरॅव्हान स्वस्तात आणल्या आणि साध्या नोकरदाराला सुट्टीला गाडीमागे घर नेता येऊ लागलं. रस्त्याकडेची लिटल शेफ खानावळही त्यांचीच, 1958ची. तेव्हा लोक याच मायनरला, याच मॉरिस ऑक्सफर्डला कॅरॅव्हान जोडून समुद्रावर जायचे. म्हणजे जोडी काही नवीन नाही.

पण 48 अश्वशक्तीची गाडी आहे, हे विसरून चालत नाही. कॅरॅव्हान भरल्यावर गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावी असं नवशिक्यांना सांगतात. मायनर साधारण पाऊण टनाची, म्हणजे मर्यादा 640 किलोच्या आसपास. मी 550च्या वर जात नाही, कारण मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि उतारावर तेव्हा कळतं की आपण काय ओढतोय. कायद्याने दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि मोटरवेवर 60. मला 45च्या वर जावंसं वाटत नाही.

चढाचं सांगतो. स्ट्रॅटफर्डहून बॅनबरीकडे जाताना सनरायझिंग हिल लागते. पहिल्या वर्षी मी कॅरॅव्हानसकट तिथून गेलो. वळणावर पुढची गाडी थबकली, मी दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर यायला पाहिलं. मायनरच्या पहिल्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गियर सहज पडावा यासाठीची रचना, नाही. गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय तो नीट पडत नाही. थांबलो, हँडब्रेक ओढला आणि मागे पाऊण-एक टन लटकल्यासारखं वाटलं. क्लचचा वास आला. लहानपणी वडिलांची पद्मिनी खंबाटकीत तापली की आम्ही मुलं दगड घेऊन चाकामागे लावायला उतरायचो, त्याची आठवण झाली. गाडी वर चढली. पण त्यानंतर मी नकाशा चढ बघून आखतो, आणि मित्रांच्या ताफ्यात नसतो. ते डोंगरावरून येतात, मी वळसा घालून तासभर आधी निघतो. हे मला अजून लागतं. तीन गाड्या एकामागे एक जाताना आरशात हेराल्डचे दिवे दिसायचे, ते आता दिसत नाहीत.

बाकीच्या अडचणी सांगून टाकतो. मायनरचं बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे कॅरॅव्हानला आजकालचे एलईडी दिवे लावले तर ते तसे पेटत नाहीत. साधे बल्ब ठेवायचे आणि इंडिकेटरचा फ्लॅशर जास्त भाराचा घालायचा. टो बार, म्हणजे कॅरॅव्हान अडकवायचा दांडा, डिकीच्या तळाला आणि बंपरच्या आधारांना बसतो, म्हणजे तळ मजबूत हवा आणि त्यात भोकं पाडावी लागतात. मला तळ नवाच करायचा होता, म्हणून मन घट्ट करणं सोपं गेलं. हेराल्डला वेगळी चासी आहे, तिथे हे काम सुटसुटीत. जुन्या कॅरॅव्हानचे ब्रेक ती पुढच्या गाडीवर ढकलली गेली की लागतात, म्हणून मागे घेताना कोणीतरी उतरून कपलिंगवरची खिट्टी टाकावी लागते, नाहीतर ती मागे जातच नाही. आणि हिवाळ्यात ठेवायला जागा लागते. मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात भाडं देऊन ठेवतो.

एवढं सगळं असूनही तीन वर्षांत मला परत जावंसं वाटलेलं नाही. रविवारी सकाळी मी दार लोटतो, गाडी सोडवतो आणि कोरड्या डिकीने रांगेत जाऊन उभा राहतो. कॅरॅव्हान मागे मैदानातच थांबते. संध्याकाळी जोडायला वीस मिनिटं. दव पडलं तर ते छपरावर पडतं, आणि छप्पर माझ्याबरोबर घडी होऊन डिकीत येत नाही.

एक गोष्ट मी धरली नव्हती. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारी संध्याकाळी सहापासून पाऊस लागला. पूर्वी अशा वेळी चौघं आपापल्या तंबूत जाऊन पडायचो आणि साडेसातला शोची रात्र संपायची. त्या दिवशी सगळे माझ्याकडे आले. दोन माणसांच्या कॅरॅव्हानमध्ये सात जण, शेजारच्या वुल्झली गाडीवाल्या म्हाताऱ्या जोडप्यासकट. खिडक्यांवर वाफ, छपरावर ताशा वाजावा तसा पाऊस. चौथ्याने आल्याचा चहा दोनदा टाकला, चिवड्याचा डबा फिरला. वुल्झलीवाल्या आजोबांनी तरुणपणी काउली कारखान्यात मायनरच्या दारांवर काम केलं होतं. दाराची फट कशी बसवायची हे त्यांनी बशीच्या कडेवर बोट फिरवून दाखवलं. घरी आल्यावर मी तसं करून पाहिलं. माझं डावं दार आता एका हाताने लागतं.

ब्युलीचंही सांगतो. न्यू फॉरेस्टमधला तिथला ऑटोजंबल, म्हणजे गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार, 1967पासून भरतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला. जुन्या सुट्या भागांसाठी त्याच्या तोडीचं मला तरी ठाऊक नाही. तंबूच्या दिवसांत आम्ही हातात मावेल तेवढंच आणायचो. गेल्या खेपेस मी मायनरचा पुढचा डावा मडगार्ड घेतला आणि गादीवर चादर अंथरून त्यावर झोपवून आणला. मी स्वतः त्या रात्री खाली फरशीवर झोपलो.

तरी ज्याला वर्षातून एक-दोनच शो करायचे आहेत, त्याने तंबूच घ्यावा असं मला वाटतं. ज्याच्याबरोबर एखादी नवी गाडी येते, त्यानेही. ओला तंबू नव्या गाडीत टाका, तिचं काही बिघडत नाही. चढावरच्या शर्यतींचे शो आवडत असतील, शेल्सली वॉल्श, प्रेस्कॉट, तर हलकं जाणंच बरं. पण गाडी पोलादी, जुनी, एकटीच जाणार आणि उन्हाळ्यात सहा-सात वेळा जाणार असेल, तर मी निदान एकदा कॅरॅव्हान बघून या म्हणेन.

बघायला जाल तेव्हा टायर, ब्रेक नंतर पाहा. आधी आत जाऊन चारही कोपरे आणि खिडक्यांखालची पट्टी अंगठ्याने दाबा. आत लाकडी सांगाडा असतो. अंगठा दबला, भिजलेल्या बिस्किटासारखं वाटलं, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. गंज आपण डिकीतून काढायचा आणि कुजकं लाकूड मागे ओढत न्यायचं, याला अर्थ नाही. वासही घ्या, शक्यतो दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर.

हेराल्डवाला अजून तंबूत आहे. परवा त्याने सहज विचारलं, टो बारला किती खर्च आला. रविवारी लेस्टरजवळ एक दहा फुटी कॅरॅव्हान बघायला जातोय, मला बरोबर बोलावलंय. अंदाज पावसाचाच आहे, ते बरं झालं.