वसई की रेवदंडा-कोर्लई? एका दिवसाच्या फेरीसाठी निवड

सकाळी मुंबईहून निघायचं, दिवसभर नदीकाठची जुनी गावं आणि चर्च बघायची, रात्री जेवायला घरी. यासाठी गाडीने जाण्यासारख्या वाटा मला दोनच दिसतात. उत्तरेला उल्हास नदीच्या मुखावरची वसई, नाही तर दक्षिणेला कुंडलिकेच्या मुखावरचं रेवदंडा आणि पलीकडचं कोर्लई. दोन्हीकडे पोर्तुगीज दोनशे वर्षं तळ ठोकून होते. वसई मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतली, रेवदंड्याशेजारचं चौल आणि कोर्लई पुढच्याच वर्षी. त्यामुळे एक पाहिलं की दुसरं पाहिल्यासारखंच, असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात गावं बघायची असतील तर वसई आणि गाडी चालवायची हौस असेल तर कोर्लई, इतका सरळ फरक आहे.

वसईचा रस्ता रुक्ष आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दादरहून जेमतेम ६० किलोमीटर, पण घोडबंदरचं फाउंटन हॉटेल, वर्सोवा पूल आणि पुढचा महामार्ग यात डोळ्यांना सुख असं काही नाही. नदीही दिसते न दिसते तोच मागे पडते. त्यावर उपाय म्हणजे भाईंदरहून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट. २०२४ पासून गाडीसकट खाडी ओलांडता येते. वरच्या अंगाला रेल्वेचे पूल दिसतात आणि पाव तासात तुम्ही थेट वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवर उतरता. फेऱ्यांच्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.

किल्ल्यात जेझुइट, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन पंथांच्या चर्चचे अवशेष आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव थडगी आहेत, तिथे जपून पाय टाका. आत संत गोन्सालो गार्सिया यांचंही चर्च आहे. ते वसईचेच सुपुत्र. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मात्र इथे शोधू नका. मराठ्यांनी त्या विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला आजही बघायला मिळतात.

पण वसईला जायचं ते किल्ल्यासाठी नव्हे, असं मी म्हणेन. किल्ला दीड तासात उरका आणि गाडी पापडी, रमेदी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी आतल्या रस्त्याने काढा. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, विहिरी, वळणावळणावर क्रूस आणि दर दोन-तीन किलोमीटरला एक चर्च. ही चर्च पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली नाहीत, ती वापरात आहेत. रविवारी सकाळी मराठीतून मिस्सा (चर्चमधली उपासना) होते आणि सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या आजी लाल लुगडं नेसून आलेल्या दिसतात. मिस्सा चालू असताना फोन खिशात ठेवा. दुपारी पुष्कळदा दारं बंद असतात, म्हणून चर्च आधी आणि किल्ला नंतर असा क्रम लावलात तरी चालेल. निर्मळला चर्च आणि शंकराचार्यांची समाधी मानलं जाणारं देऊळ एकाच गावात आहेत. नंदाखाल हे २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं गाव. आगाशीला सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर घ्याच, बाजारच्या वेफर्सना विचारणार नाही.

कोर्लईचं गणित उलटं. दादरहून तीन-साडेतीन तास धरा. अटल सेतू झाल्यापासून मुंबईबाहेर पडणं सोपं झालं, पण वडखळचा वाहतूक मुरंबा तसाच आहे. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोवर चढवून मांडव्याला उतरलात तर तो टळतो. खिसा थोडा हलका होतो आणि पावसाळ्यात हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. अलिबागपासून पुढे मात्र पैसे वसूल. नागाव, चौल, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा अरुंद रस्ता, मग रेवदंड्याच्या तटातून गाडी आत शिरते. पुढे साळावच्या पुलावर कुंडलिका अशी पसरलेली दिसते की मागचा हॉर्न वाजवेपर्यंत वेग वाढवावासा वाटत नाही.

रेवदंड्यात पडक्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. चौलच्या बंदरात १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. कोर्लई गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे आणि तिथले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. गाव लहान आहे, लोकांची घरं म्हणजे प्रदर्शन नाही, तेव्हा उगाच ‘जरा बोलून दाखवा’ म्हणू नका. दीपगृहाकडून किल्ल्यावर चढलात की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नदीचं मुख. देखावा म्हणाल तर वसईकडे याला उत्तर नाही. चर्च म्हणाल तर इथे एक नांदतं आणि बाकी पडझड.

उत्तन-डोंगरी-गोराई हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. चर्च सुंदर आहेत, उत्तनचं वेलंकनी मातेचं चर्च तर ऐन समुद्रावर. पण अर्ध्या दिवसाचा जीव आहे. वसई रो-रोने केलीत तर परतताना भाईंदरहून तिकडे वळता येईल.

बरोबर आई-वडील असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर वसईच. सगळं सपाट आहे आणि कंटाळा आला की तासा-दीड तासात घर. चढणारी पोरं आणि गाडीवर प्रेम करणारा चालक असेल तर कोर्लई, आणि तेही शक्यतो शनिवारी. रविवारीच जमणार असेल तर अलिबागच्या बाजूला जेवणात जिताडा मासा आहे का विचारा, पण दुपारी तीनला रेवदंडा सोडा. त्यानंतर निघालात तर अलिबागहून परतणाऱ्या अख्ख्या मुंबईबरोबर वडखळला उभे राहाल.